खाजकुयलीची तीन वर्षं

माझ्या पीएच.डी.चा विषय आमच्या घरात कुणी कधी पुरता उच्चारला नाही. आई शेजारच्या काकूंना सांगायची, "उंदरांवर काहीतरी करते ती." बाबा विचारणाऱ्याला "वनस्पतींवर आहे" एवढं सांगून चष्मा पुसायला घ्यायचे. दादाने तर मला बजावूनच ठेवलं होतं की शुक्राणू हा शब्द जेवताना नको. मी म्हटलं, मराठीत म्हटलं तर तुला चालत नाही, इंग्रजीत म्हटलं तर आईला कळत नाही, मग मी बोलू कोणत्या भाषेत? तो म्हणाला, "कोणत्याच नको."

मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं होतं. मूल होत नसलेल्या पुरुषांना खेड्यापाड्यांत जी झाडपाल्याची औषधं देतात, त्यांचा खरोखर काही उपयोग होतो का, हे नर उंदरांवर तपासायचं, असा विषय माझ्या मार्गदर्शक सरांनी सुचवला. विषय चांगला होता, हे मी आजही म्हणते. पण अमरावतीहून मला बघायला आलेल्या मंडळींपैकी मुलाच्या काकांनी कौतुकाने विचारलं, "संशोधन कशावर आहे?" आणि मी सरळ सांगून टाकलं, तेव्हा त्यांनी चहा बशीत ओतून घाईघाईने संपवला. पुन्हा त्यांचा निरोप आला नाही. आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

आणि याच घरात दादा-वहिनीच्या लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं.

दादा पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात होता. वहिनी शिकलेली, शांत, कुणाला उलटून न बोलणारी. सहा वर्षांत तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. नळ्यांमध्ये रंग सोडून काढलेला फोटो झाला, नागपूरला नेऊन दुर्बिणीची तपासणी झाली, रक्त तर कितीदा काढलं याचा हिशेब नव्हता. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास तीच करत होती. तिच्यात दोष सापडत नव्हता, म्हणून डॉक्टर बदलत होते. त्यातल्या एका डॉक्टरने चिठ्ठीवर दादाची तपासणी लिहून दिली होती. ती चिठ्ठी कपाटात, कपड्यांखाली अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली होती. मला माहीत होतं, कारण वहिनीने मला दाखवली होती. मी रोज सकाळी त्या कपाटासमोरून कॉलेजला जात होते, पुरुषांच्या वंध्यत्वावर संशोधन करायला.

औषध देणारी बाई मला आर्णीच्या पुढच्या एका बंजारा तांड्यावर सापडली. एसटी सोडली की कापसातून पाऊण तास चालावं लागे. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी कशालाच दाद देत नव्हती आणि लोक एका औषधात दुसरं, दुसऱ्यात तिसरं मिसळून फवारत होते. पायवाटेने जाताना जीभ कडू व्हायची. पाठीवर पंप घेतलेला माणूस लुंगी गुडघ्यावर खोचून, तोंडाला काही न बांधता कापसाच्या ओळींतून चालत असायचा आणि वाऱ्याने त्याचाच फवारा त्याच्या अंगावर येत असायचा.

त्या बाईंना सगळा तांडा याडी म्हणायचा. बंजारांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. सत्तरीच्या असतील. दंडभर बांगड्या, दातांत फटी, आणि नजर अशी की समोरच्याचं वजन करून घ्यावं. पहिल्या खेपेला मी वही काढून विचारलं की औषध कोणत्या झाडाचं आहे. त्यांनी विचारलं, "तुले लेकरं किती?" मी म्हटलं, लग्न नाही झालं. "मंग तुले कायले पायजे हे?" मी संशोधन, उंदीर, विद्यापीठ, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि झाड काही सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला सुनेची तब्येत बरी नव्हती म्हणून मला बसवून तूर निवडून घेतली. झाड तेव्हाही सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र त्या काठी घेऊन उठल्या आणि मला नाल्याच्या बांधावर घेऊन गेल्या. बोराटीवर एक वेल चढला होता. त्याला सोनेरी-तपकिरी, मखमलीसारख्या शेंगा लागल्या होत्या. याडी गोरबोलीत काहीतरी बोलल्या, मागे उभी असलेली सून हसली, आणि मी पुढे होऊन शेंग हातात धरली.

त्या "हात लावू नको" असं म्हणाल्या होत्या, हे मला मनगटापासून कोपरापर्यंत आग पेटल्यावर कळलं. खाजकुयली. तिची लव अंगाला लागली की दोन दिवस माणूस माणसात राहत नाही. सुनेने शेण आणून हाताला चोळलं. मी डोळ्यांत पाणी आणून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खाजकुयलीच्या बिया म्हणजे कवचबीज, आणि कवचबीज यवतमाळच्या कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून मिळतं. माझ्या घरापासून ते दुकान दहा मिनिटांवर होतं.

"हे दुकानात मिळतं, मग मला तीन वेळा कशाला यायला लावलं?" मी विचारलं.

"तू इचारलं काय, दुकानात भेटते काय म्हणून?" याडी म्हणाल्या.

तरी त्या दिवशी त्यांनी सगळी रीत सांगितली. बिया दुधात उकळायच्या, टरफल काढायचं, सावलीत वाळवायच्या, मग कुटायच्या. आणि पुढे म्हणाल्या, "पूड कोणीबी कुटीन, बाई. पथ्य कोण पाळते? तीन महिने दारू नाही. खर्रा नाही. फवारणीच्या वावरात पाय ठेवायचा नाही."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला आमच्याकडचा पुरुषांचा दिवसभराचा आधार. मी ते पथ्य वहीत एका ओळीत लिहून घेतलं. उंदीर खर्रा खात नाहीत, त्यामुळे त्या ओळीचं मला पुढे काही करायचं नव्हतं.

"पथ्य नवरे पाळतात का?" मी विचारलं.

"नवरा येतेच कुठं? त्याची बायको येते. घरी जाऊन गपचूप दुधात टाकते."

"म्हणजे नवऱ्याला माहीतच नसतं? मग त्याला पथ्य कोण सांगणार?"

पहिल्या बाकावरच्या मठ्ठ मुलीकडे मी पाहते तसं याडींनी माझ्याकडे पाहिलं. "तेच तर सांगून राह्यली ना मी," त्या म्हणाल्या.

आमच्या विभागामागे दोन खोल्यांचं प्राणिघर होतं. तिथले कर्मचारी काका निवृत्तीला आलेले, स्वभावाने अत्यंत प्रेमळ. कुठल्या उंदराची शेपटी तुटलेली, कुठला चावरा, हे त्यांना तोंडपाठ होतं. मी उंदरांचे दोन गट केले. एकाला रोज पूड द्यायची, दुसऱ्याला नुसतं पाणी. उंदराच्या अंगात शुक्राणू तयार व्हायला दोनेक महिने लागतात, म्हणून त्याहून थोडे जास्त दिवस प्रयोग चालवला. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी सुरू केली.

पूड दिलेल्यांचे शुक्राणू कमी निघाले. मला वाईट वाटलं, पण तोही निष्कर्षच होता. मग दुसऱ्या गटाचे मोजले, ज्यांना काहीच दिलं नव्हतं. त्यांचे त्याहून कमी. मी पुन्हा मोजले. सर म्हणाले, तुमची मोजणी चुकते आहे. मी काचा बदलल्या, द्रावणं नव्याने केली, आठ दिवस डोळे लाल होईपर्यंत मोजत बसले. आकडे हलले नाहीत. शेवटी एका सकाळी वैतागून मी पिंजऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले आणि पहिल्यांदा, लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदाच, खाद्याच्या भांड्यात नीट पाहिलं. त्यात पिवळट-तपकिरी भुगा होता.

"काका, हे कोणतं खाद्य आहे?"

"ते गोळ्यायचं खाद्य संपलं ना, मॅडम. ऑर्डर केली, पण येऊनच नाही राह्यलं. मंग म्या घरची ढेप आणली."

"कसली ढेप?"

"सरकीची. आपल्या म्हशीले आणतो तीच. एकदम ताजी."

"किती दिवसांपासून?"

ते बोटं मोजत राहिले. "झाले असतीन दोन-अडीच महिने."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगणार होतो. पण तुमी मोजण्यात होत्या. आता जनावरं उपाशी ठेवू काय?"

मी खाली स्टुलावर बसले. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते नराच्या शुक्राणूंना मारक असतं. म्हशीला ते पचतं, उंदराला बाधतं. हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवत होते. नराची प्रजननक्षमता वाढते का हे तपासायला ठेवलेल्या उंदरांना अडीच महिने आम्ही नेमकं ती घालवणारं खाद्य खाऊ घातलं होतं, आणि तेही मायेने, सकाळ-संध्याकाळ, पाण्यात भिजवून. काकांना मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुमचं वर्ष म्या खाल्लं," ते म्हणाले. त्यांच्यावर ओरडायचं माझ्या तोंडावर आलं होतं, ते तिथेच राहिलं. सरांनी त्या नोंदींवर तिरकी रेघ मारली आणि नव्याने सुरुवात करा म्हणाले.

पुढच्या वर्षी उंदरांचं खाद्य मी स्वतः नागपूरहून आणायला लागले. पोतं एसटीत मांडीवर घेऊन. कंडक्टर विचारायचे काय आहे, मी सांगायचे उंदरांचं जेवण, आणि शेजारची सीट रिकामी व्हायची. त्या वर्षी सगळं नियमाने झालं. दोन्ही गट ठणठणीत. आणि दोन्ही गटांत सांगण्याजोगा काडीचा फरक नाही. पूड खाल्लेले आणि न खाल्लेले, सारखेच.

याडींना हे तोंडावर सांगायला हवं असं मला वाटत होतं. मी तांड्यावर जाणार म्हटल्यावर वहिनी म्हणाली, "मी पण येते." आईला तिने आर्णीला दर्शनाला जाते असं सांगितलं. आईने तिच्याजवळ नारळ दिला. तो नारळ आम्ही दिवसभर पिशवीत घेऊन हिंडलो.

याडींनी माझं सगळं म्हणणं ऐकलं. मग विचारलं, "उंदीर बीमार होते काय?"

"नाही. चांगले होते. या वेळी खाद्यही चांगलं दिलं."

"चांगल्या उंदराले औषध कायले देलं मंग? त्याले दुखणं कोणतं होतं?"

दोन वर्षं मी, माझे सर आणि ज्यांनी माझा आराखडा मंजूर केला ते सगळे प्राध्यापक, यांपैकी कुणालाच हे सुचलं नव्हतं. ज्यांचे शुक्राणू मुळात भरपूर आहेत, त्यांचे आणखी काय वाढणार? आणि जे उंदीर खरोखर बिघडले होते, त्या पहिल्या वर्षाच्या नोंदींवर आम्ही रेघ मारली होती.

याडी माझ्यावरून नजर काढून वहिनीकडे वळल्या. "ही कोण?"

"माझी वहिनी."

"लेकरू नाही काय?"

वहिनीने मान हलवली. याडींनी हात पुढे केला. "कागद आणला?"

"कसला कागद?" वहिनीने विचारलं.

"नवऱ्याच्या तपासणीचा. आता मी कागद पाह्यल्याबिगर पूड देत नाही. एकाच्या बीजात काहीच नव्हतं, त्याच्या बायकोनं वर्षभर पूड खाऊ घातली आणि बोल माह्यावर आला. माही नात वाचते कागद. दहावीले हाय."

परतीच्या एसटीत वहिनी खिडकीकडे तोंड करून बसली होती. यवतमाळ जवळ आल्यावर म्हणाली, "त्या बाईला अक्षर येत नाही आणि ती कागद मागते. आपल्या घरात सगळे पदवीधर आहेत."

मला दादाचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर एसटीभर ऐकू गेलं असतं.

दोन आठवड्यांनी वहिनीला पुन्हा नागपूरला न्यायचं ठरलं. दुर्बिणीची तपासणी दुसऱ्यांदा. बॅग भरायची वेळ आली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी जाणार नाही. आधी यांची तपासणी." आवाज चढलेला नव्हता. आईने दादाकडे पाहिलं, दादाने बाबांकडे, बाबांनी पेपर उघडला. दादा म्हणाला की त्याला काहीही झालेलं नाही, त्याला साधी सर्दीसुद्धा होत नाही. वहिनी म्हणाली, "मग तसा कागद आणा." आणि आत जाऊन तिने भरलेली बॅग रिकामी केली.

आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. नवव्या दिवशी दादा माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. तो तयार होता, पण त्याच्या अटी होत्या. तो लॅबमध्ये पाऊल ठेवणार नाही, कारण लॅब ऑफिसच्या रस्त्यावर आहे. नमुना घरी देणार, तो मी घेऊन जायचा. आणि बाटलीवर त्याचं नाव नको.

"मग कुणाचं नाव लिहू?"

"आमच्या साहेबांचं लिही."

तो गंभीर होता. शेवटी नुसता नंबर टाकायचा असं ठरलं.

नमुना तासाभरात पोचवावा लागतो आणि तोवर अंगाच्या उबेत ठेवावा लागतो. मी बाटली रुमालात गुंडाळून काखेत धरली, वरून शाल घेतली आणि रिक्षात बसले. आमचं घर गावाबाहेरच्या कॉलनीत, लॅब गावात, आणि मध्ये कापूस खरेदी केंद्र. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केंद्रावर दोन दिवसांपासून वजनाचा काटा बंद होता. कापसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेले असायचेच, पण त्या सकाळी लोकांनी कंटाळून गाड्या आडव्या लावल्या होत्या आणि स्वतः रस्त्यावर बसले होते. रिक्षावाल्याने इंजिन बंद करून खर्रा काढला. "आता दुपारपर्यंत काही खरं नाही, मॅडम."

घड्याळात वीस मिनिटं गेली होती. मी उतरले आणि एक हात काखेत दाबून गाड्यांमधून चालायला लागले. बैलांची शिंगं, जू, पसरलेल्या ताडपत्र्या, दगडांच्या चुली. हवेत कापसाचे तंतू उडत होते, ते शालीला चिकटत होते. अर्ध्यावर एक दाटी अशी लागली की पुढे वाटच नव्हती. तिथे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "कुठं चालल्या, बाई? हाताले काय झालं?"

"हाताला काही नाही. तपासणीचं आहे. लवकर पोचवायचंय."

"कोणाची तब्येत खराब हाय?"

"भावाची."

तो माणूस लगेच उठला. पागोटं सारखं करत पुढच्यांना म्हणाला, "उठा रे, जाऊ द्या या बाईले, पेशंट हाय घरी." दोन दिवस थंडीत रस्त्यावर काढलेली माणसं. त्यांनी न कुरकुरता बैल मागे रेटले, एका गाडीची दांडी उचलून धरली, आणि तो म्हातारा शेवटच्या गाडीपर्यंत माझ्यापुढे चालत राहिला, "पेशंट हाय, पेशंट हाय" म्हणत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दादा त्या वेळी घरी आंघोळ करून ऑफिसला जायची तयारी करत असणार.

लॅबमधली मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. बाटलीवरचा नंबर पाहून तिने विचारलं, "मॅडम, हे उंदराचं आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "माणसाचं."

रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी होते आणि जे होते ते मंद. अगदीच नव्हते असं नाही. दादाने कागद बराच वेळ हातात धरला. मग विचारलं, "उंदरांचं किती असतं?" मी म्हटलं, "जास्त असतं." त्याने कागदाची घडी घातली. "आईला सांगू नको," तो म्हणाला.

ते वहिनीने ऐकलं. ती आत गेली आणि आठ वर्षांच्या स्वतःच्या फायली आणून पलंगावर एकीवर एक ठेवल्या. त्या रात्रीच्या जेवणात आमटी वाढता वाढता तिनेच आईला सांगितलं, त्या शब्दासकट. आईचा हात ताटात थांबला. बाबा म्हणाले, "मीठ दे." दादाने मान वर केली नाही, पण उठूनही गेला नाही, आणि माझ्या मते त्याने आयुष्यात केलेल्या धाडसाच्या गोष्टींमध्ये ती एक आहे.

डॉक्टरांनी त्याला गोळ्या दिल्या आणि पहिला प्रश्न विचारला, खर्रा किती खाता? तेव्हा आम्हाला कळलं की तो ऑफिसात रोज पाच-सहा पुड्या खातो. घरी कुणाला वास येऊ नये म्हणून वर बडीशेप. वहिनी तो रिपोर्ट घेऊन एकटी तांड्यावर गेली. याडींच्या नातीने तो वाचला आणि या वेळी पूड मिळाली. वहिनीने ती दुधात गुपचूप टाकली नाही. पेला दादासमोर ठेवला आणि पथ्य सांगितलं. दादाने दोनदा खर्रा चोरून खाल्ला, दोनदा पकडला गेला. तिने दोन्ही वेळा तीन महिने पहिल्यापासून मोजायला लावले.

मी तिसऱ्यांदा प्रयोग मांडला. या वेळी उंदरांना मुद्दाम सरकीची ढेप घालून बिघडवलं. काकांना तो आदेश देताना मला हसू आवरेना. ते मात्र दुखावले. "तवा देली तं चुकलं, आता म्हणता दे," म्हणाले. मग ढेप बंद केली आणि अर्ध्यांना पूड दिली, अर्ध्यांना काही नाही. दोन महिन्यांनी दोन्ही गट सुधारले. पूड घेणारे जरा लवकर सुधारले असं वाटत होतं, पण छातीवर हात ठेवून सांगावं इतका फरक नव्हता. ढेप बंद केल्यानेच बहुतेक काम झालं होतं. सर म्हणाले, "लिहा, अधिक संशोधनाची गरज आहे." याडींना सांगितलं तर त्या समाधानाने हसल्या. "म्हणजे पथ्यानं बरे झाले. मी पह्यल्यापासून हेच सांगून राह्यली होती." ते खरं होतं, म्हणून मला जास्तच चीड आली.

पुढच्या वर्षी वहिनीला मुलगी झाली. आई म्हणते तिचा नवस फळला. दादा म्हणतो गोळ्यांनी झालं. वहिनी याडींचं नाव घेते. डॉक्टरांनी स्वतःचं घेतलं असणार. खर्रा सुटल्यामुळे झालं असेल, असं माझ्याशिवाय कुणी म्हणत नाही, आणि मीही ते शपथेवर सांगू शकत नाही, कारण दादाने सगळं एकाच वेळी सुरू केलं होतं. असा प्रयोग माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता तर मी वही परत केली असती. बारशाला आईने, जी मला तीन वर्षं उंदीरवाली म्हणत होती, जमलेल्या बायकांना सांगितलं की औषध आमच्या हिनेच शोधून काढलं.

ते यवतमाळभर झालं. अजून लोक येतात. परवा आमच्या वाणिज्य शाखेचे एक सर मला जिन्यात गाठून, इकडे-तिकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, ती पूड मिळेल का? बहिणीसाठी हवी होती. चार वर्षं झाली लग्नाला."

"बहिणीच्या नवऱ्याची तपासणी झाली का?" मी विचारलं.

"त्याला काही नाही हो. एकदम धडधाकट माणूस. भरलेलं पोतं एकटा पाठीवर घेतो."

मी त्यांना स्टाफरूममध्ये नेलं, खुर्ची दिली आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. तपासणी काय असते, कुठे होते, पुडीने काय होतं आणि काय होत नाही, पथ्य म्हणजे काय. तासाची घंटा होईपर्यंत त्यांनी मन लावून ऐकलं, दोनदा मान डोलावली. मग उठताना म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, मॅडम. पण पूड देता ना?"